आवाज आधी, हात नंतर

माझ्या स्वसंरक्षणाच्या वर्गात पहिल्या दिवशी कुणी कुणाला हात लावत नाही. मॅट अंथरलेल्या असतात, पॅड भिंतीशी रचून ठेवलेले असतात आणि आलेल्या सगळ्या जणींचं लक्ष त्या पॅडकडेच असतं. मी त्यांना दोन रांगांत समोरासमोर उभं करते आणि सांगते, समोरच्या बाईच्या डोळ्यांत बघा आणि 'थांबा' म्हणा. वीस जणींपैकी पंधरा-सोळा जणी हसतात. काही जणी 'थांबा ना' म्हणतात. काहींचे नुसते ओठ हलतात. चाळिशीतली एक शिक्षिका, दिवसभर भरलेला वर्ग ताब्यात ठेवणारी, मला म्हणाली, "ताई, मुलांवर ओरडता येतं हो. स्वतःसाठी कधी ओरडलेच नाही."

मला ते लगेच कळलं, कारण माझंही तेच झालं होतं. आठ वर्षं जुडो खेळून झालं होतं, माझ्याहून वीस किलो जड माणसाला मॅटवर पाडता येत होतं, आणि एका ओळखीच्या, वडीलधाऱ्या माणसाने जिन्यात माझ्या कमरेवर हात ठेवला. मी हसले, 'येते हं' म्हणाले आणि एक पायरी खाली सरकले. तो हातही माझ्याबरोबर एक पायरी खाली आला. डाव मला कितीतरी येत होते, पण त्या क्षणी लागणारं एक साधं वाक्य तोंडातून निघालं नाही, कारण त्याचा सराव मी कधी केलाच नव्हता. पुढे शिकवायला लागले तेव्हा मी क्रमच उलटा केला: आवाज आधी, हात नंतर.

अंधारी गल्ली, अनोळखी माणूस, मागून झडप असं चित्र डोक्यात धरून बहुतेक जणी शिकायला येतात. तसंही घडतं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगात दर तीन बायकांमागे जवळपास एकीला आयुष्यात कधीतरी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसावी लागते, आणि त्यातली बहुतांश हिंसा जोडीदाराकडून होते. म्हणजे ज्याच्या तोंडावर ठोसा मारायची कल्पनाही तुम्हाला करवत नाही, असाच माणूस समोर असण्याची शक्यता जास्त. तिथे कोपर आणि गुडघा फार उशिरा कामाला येतात. त्याच्या कितीतरी आधी 'नाही' म्हणायची वेळ येऊन गेलेली असते.

आवाज कसा काढायचा

पाय खांद्यांइतके फाकून उभ्या राहा, गुडघे किंचित सैल. एक तळहात बेंबीच्या जरा वर ठेवा. नाकाने श्वास घ्या. हाताखालचं पोट पुढे आलं पाहिजे. आता 'हा!' असा एकच जोरदार आवाज काढा. पोट झटक्यात आत गेलं तर आवाज बरोबर जागेवरून आला. नुसता घसा ताणला गेला असेल तर किंचाळी निघते. ती उंच जाते, फाटते आणि दोन-तीनदा ओरडल्यावर घसा बसतो. पोटातला आवाज जड असतो आणि लांब जातो. शिवाय माणूस घाबरला की श्वास अडकतो, आणि श्वास अडकला की अंग आखडतं. ओरडायचं म्हटलं की श्वास बाहेर टाकावाच लागतो. एवढ्यानेही आखडलेलं अंग पुष्कळदा मोकळं होतं.

मग वाक्य. छोटं, आज्ञार्थी, आणि समोरच्याने काय करायचं ते नेमकं सांगणारं. 'हात काढा.' 'मागे व्हा.' 'दार उघडा.' 'असं काय करता?' हा प्रश्न झाला, आणि प्रश्नाला उत्तर देता येतं. 'प्लीज, मला उशीर होतोय' हे कारण झालं, आणि कारण खोडून काढता येतं: 'अगं, मी सोडतो ना गाडीने.' ओळखीचा माणूस नेमका इथेच घुसतो. म्हणून कारण द्यायचं नाही. तेच वाक्य, त्याच सुरात, पुन्हा.

वर्गात मी एकीला आग्रह करणारा माणूस व्हायला सांगते आणि दुसरीला एकच वाक्य देते. साधारण असं चालतं:

"चल, मी सोडतो घरी."
"नको. मी माझी जाईन."
"अगं, एवढ्या रात्री? माझ्यावर विश्वास नाही का?"
"मी माझी जाईन."
"बघा! एवढं केलं तुझ्यासाठी, आणि आता हे."
"मी माझी जाईन."

तिसऱ्या वेळेला म्हणणारीचा सूर बदलतो. आधी खांदे खाली येतात, मग तो माफी मागणारा चेहरा जातो. हे घडताना मी शेकडो वेळा पाहिलं आहे, आणि अजूनही दर वेळी माझे डोळे भरून येतात. समोरचा माणूस चांगला असेल तर तो पहिल्या किंवा दुसऱ्या 'नको'ला थांबतो. जो थांबत नाही त्याने स्वतःबद्दल एक माहिती तुम्हाला दिलेली असते. ती गंभीरपणे घ्या आणि तिथून निघा.

आता आपल्या भाषेची एक गोष्ट, जी मी प्रत्येक तुकडीला हटकून सांगते. अनोळखी माणसाला 'तू' म्हणू नका, 'तुम्ही' म्हणा. मोठ्याने, ठणकावून, पण 'तुम्ही'. सगळ्यांना हे उलटं वाटतं. त्याला मान कशाला द्यायचा? हा मान त्याच्यासाठी नाहीच, हे आजूबाजूच्या लोकांना ऐकवायचं आहे. "सोड मला!" ऐकलं की येणारे-जाणारे समजतात नवरा-बायकोचं भांडण असेल, आपण कशाला पडा. "सोडा मला! मी तुम्हाला ओळखत नाही!" ऐकलं की मान वळते. जर्मन भाषेतही आपल्यासारखेच 'तू' आणि 'तुम्ही' आहेत, आणि तिथेही बायकांना परक्या माणसाला आदरार्थीच दरडावायला शिकवतात. याच कारणासाठी त्याला 'काका' किंवा 'दादा'ही म्हणू नका. आपल्याला सवय असते, तोंडातून निघून जातं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं घरातलंच प्रकरण आहे. त्यापेक्षा जे दिसतंय ते बोला: "निळ्या शर्टवाले, माझा हात सोडा!" मदत मागतानाही गर्दीला हाक मारू नका. गर्दीत प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी करेल. एकाकडे बोट दाखवा: "तुम्ही, लाल बॅगवाले, पोलिसांना फोन लावा."

समोर खरोखरचे काका असतील, तेव्हा सगळ्यात अवघड. 'काका, हात काढा' हे तीन शब्द. मान राखूनही बोलता येतात आणि तेवढेच पुरतात. घरी आरशासमोर हे वाक्य वीस वेळा म्हणा. चेहऱ्यावर हसू येत असेल तर पुन्हा म्हणा.

अंतर

जमिनीवर मी लाल चिकटपट्टीची एक रेघ मारते. एक जण रेघेवर उभी राहते, दुसरी खोलीच्या टोकाकडून तिच्याकडे चालत येते. पोटात जरा जरी कसंतरी झालं तरी लगेच 'थांबा' म्हणायचं. आम्ही तिथे खडूने खूण करतो. पहिल्या फेरीतली खूण बहुतेक वेळा हाताच्या अंतरावर येते, म्हणजे समोरची सहज पकडू शकेल इतकी जवळ. विचारलं की सगळ्या कबूल करतात: वाटलं आधीच होतं, म्हणाले उशिरा. ते 'वाटणं' आणि 'म्हणणं' यांच्यातलं अंतर कमी करायचं, एवढाच या व्यायामाचा उद्देश.

साधा हिशोब दोन हात अंतराचा. तुमचा एक हात आणि त्याचा एक हात, दोन्ही पुरे ताणले तरी एकमेकांना लागणार नाहीत इतकं. तो त्याच्या आत आला की तळहात छातीच्या उंचीवर आणा, बोटं उघडी, कोपरं वाकलेली, एक पाय मागे, हनुवटी जरा खाली. लांबून बघणाऱ्याला हे 'भांडण नको' असंच दिसतं. पण हाच तुमचा पवित्रा आहे. हात आधीच चेहऱ्याच्या रक्षणाला तयार आहेत आणि तिथूनच सरळ पुढे जाऊ शकतात. हाताची घडी, खिशात हात, कमरेवर हात यातून सुटायला वेळ जातो.

मनगट कसं सोडवायचं

हे मी सावकाश सांगते, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. कुणी मनगट धरलं की आपण काय करतो? हात मागे ओढतो. ती रस्सीखेच झाली, आणि त्यात ज्याचं वजन जास्त तो जिंकतो.

आपलंच मनगट दुसऱ्या हाताने घट्ट धरून बघा. चार बोटं एका बाजूने येतात, अंगठा दुसऱ्या बाजूने. जिथे अंगठ्याचं टोक बोटांना भेटतं तिथे फट असते. अख्ख्या पकडीचं दार ते. चार बोटांशी झगडायचं नाही, एका अंगठ्याशी झगडायचं. आता धरलेलं मनगट असं फिरवा की त्याची अरुंद, हाडाची कड त्या फटीसमोर येईल. मनगट रुंदीला जाड आणि कडेला पातळ असतं. फटीतून पातळ बाजूच निघते. मग हात ओढण्याऐवजी तुमचं कोपर त्याच्या दिशेने पुढे ढकला आणि मूठ आपल्या विरुद्ध खांद्याकडे आणा. सोबत एक पाऊल पुढे, आणि तोंडाने 'सोडा!'. कोपर पुढे गेलं की तरफ तयार होते आणि त्याचा अंगठा उघडतो. पाऊल पुढे टाकायला सगळ्यांना भीती वाटते. पण पुढे गेल्याशिवाय कोपर वाकत नाही, आणि कोपर वाकल्याशिवाय हात सुटत नाही.

दोन्ही हातांनी तुमचा एक हात धरला असेल तर त्याचे दोन्ही अंगठे बहुधा वर असतात. मूठ वळा. मोकळा हात त्याच्या दोन हातांच्या मधून वरून घाला, आपलीच मूठ पकडा, आणि जवळ सरकत दोन्ही हातांनी वर, आपल्या खांद्याकडे खेचा. नुसत्या दंडाने खेचू नका, गुडघ्यातून उठा.

सुटल्यावर तिथे उभ्या राहू नका. वर्गात मुली सुटतात आणि खूश होऊन तिथेच थांबतात. मी ओरडते, "पाय! पाय!" सुटणं, ओरडणं आणि पळणं हा एकच डाव समजा आणि तिन्हींचा सराव एकत्रच करा.

मारायची वेळ आली तर

मूठ वळून मारू नका. हाताची हाडं बारीक असतात. नवख्या माणसाने जबड्यावर ठोसा मारला की करंगळीच्या मुळाचं हाड मोडू शकतं. डॉक्टर त्याला 'बॉक्सरचं फ्रॅक्चर' म्हणतात. त्याऐवजी तळहाताचा मनगटालगतचा जाड भाग वापरा. बोटं मागे, तळहात पुढे, खालून वर नाकावर किंवा हनुवटीवर. ताकद कमरेतून येऊ द्या, मागचा पाय जमिनीत रोवून.

जवळ आला असेल तर कोपर. अंगातलं सगळ्यात टणक टोक ते, आणि ते चालवायला फार ताकद लागत नाही. आडवं जबड्यावर, मागून धरलं असेल तर मागे बरगड्यांत. आणखी जवळ असेल तर गुडघा. लांब असेल तर बुटाच्या कडेने नडगीवर किंवा गुडघ्यावर लाथ, कारण गुडघा एकाच दिशेने वाकायला बनलेला असतो. दोन पायांच्या मध्ये मारलं की माणूस कोसळतोच, असं समजून राहू नका. पुरुषाला तिथला मार अपेक्षित असतो, तो मांड्या आवळतो, आणि संतापात वेदना उशिरा कळते. मारा, पण एक मारून बघत थांबू नका. गळ्यावरचा घाव जीव घेऊ शकतो. जीवावर बेतलं असेल तेव्हाच.

गळा धरला तर सगळं बाजूला ठेवून आधी हनुवटी छातीकडे दाबा. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या तर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाऊ शकते, त्यामुळे विचार करायला वेळ नसतो. समोरून दोन हातांनी धरलं असेल तर उजवा हात सरळ वर, दंड कानाला लागेल असा उचला, डावा पाय मागे टाका आणि अख्खं अंग डावीकडे जोरात वळवा. तुमचा खांदा आणि काख त्याच्या मनगटांवरून फिरते आणि पकड निसटते. त्याच हाताचं कोपर परत येताना त्याच्या तोंडावर. मागून हात आवळला असेल तर हनुवटी त्याच्या कोपराच्या खोबणीकडे वळवून आत घाला, दोन्ही हातांनी त्याचा हात खाली ओढा आणि श्वासाला जागा करा. नंतर पाय, कोपर, जे मिळेल ते.

आणि एक गोष्ट, डावांपेक्षा महत्त्वाची. कुणीही गळा आवळला असेल, घरात असो वा बाहेर, मानेवर एकही खूण नसली तरी डॉक्टरकडे जा. आत सूज असू शकते आणि त्रास काही तासांनी, कधी काही दिवसांनी सुरू होतो. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके दिसले तर थांबूच नका. आणि ज्या जोडीदाराने एकदा गळ्याला हात घातला, त्याच्यापासून पुढे जीवाला धोका असतो हे पक्कं मनात धरा.

जमिनीवर

पडायला शिका. जुडोमध्ये पहिले कितीतरी दिवस तेवढंच शिकवतात. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात अंगापासून थोडे लांब ठेवून तळवे आपटायचे. डोकं जमिनीला लागू द्यायचं नाही. मागे हात टेकवून स्वतःला सावरायला गेलात तर मनगट मोडतं.

खाली पडलात तर पाय त्याच्याकडे करा, डोकं त्याच्यापासून लांब. एक पाय वाकवून जमिनीवर, दुसरा वर तयार. मांडी हा शरीराचा सगळ्यात ताकदवान भाग, आणि आता तो तुमच्या आणि त्याच्या मध्ये आहे. तो फिरला की तुम्ही कमरेवर गर्रकन फिरा, पाय त्याच्याकडेच. तो अंगावर बसला असेल तर त्याचा एक हात छातीशी धरून ठेवा, त्याच बाजूचा पाय आपल्या पायाने अडवा, टाचा जमिनीत रोवा आणि कंबर जोरात वर उचलून त्याच बाजूला उलटा. हे वाचून जमणार नाही. कुणातरी जड माणसाबरोबर, मॅटवर, निदान पन्नास वेळा करावं लागतं.

अंग गोठलं तर

हे प्रत्येक वर्गात कुणीतरी विचारतं, बहुतेक वेळा सगळ्या गेल्यावर, एकटीच थांबून. "मला हलताच आलं नाही. मी काहीच केलं नाही." स्टॉकहोममधल्या बलात्कारपीडितांच्या दवाखान्यात आलेल्या २९८ बायकांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के बायकांचं अंग हल्ल्याच्या वेळी लक्षणीयरीत्या गोठलं होतं. त्यांना हलता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं. मेंदू भीतीने शरीराला कुलूप लावतो, त्यात संमती कुठेच नसते. ज्या बाईचं असं झालं तिने स्वतःला दोष देऊ नये, आणि तिला 'ओरडली का नाहीस' असं विचारणाऱ्याने आधी हे वाचावं.

सरावाने ते कुलूप थोडं सैल होऊ शकतं. अंग आखडलं की सगळ्यात लहान गोष्ट करा: श्वास सोडा. मग पायाचं बोट हलवा, मग बोटं. वर्गात आम्ही एकीला पाच सेकंद पूर्ण निश्चल उभं करतो आणि मग श्वास, बोट, आवाज, पाऊल या क्रमाने बाहेर काढतो. शरीराने ती वाट एकदा चाललेली असली पाहिजे.

हातातल्या वस्तू

बोटांच्या फटीत किल्ल्या धरून चालायचा सल्ला सगळीकडे मिळतो. मी देत नाही. किल्ली वळते आणि तुमचीच बोटं फाटतात. मिरचीचा फवारा ठेवणार असाल तर आधी तुमच्याकडच्या कायद्यात तो चालतो का ते बघा, बाटलीवरची मुदत बघा, आणि पाणी भरलेल्या सरावाच्या बाटलीने दहा वेळा तरी दाबून बघा. बॅगेच्या तळाशी पडलेला फवारा नसल्यासारखाच. वारा समोरून असेल तर तो तुमच्याच डोळ्यांत येतो, आणि लिफ्टसारख्या बंद जागेत दोघांच्याही.

फोनमधली आपत्कालीन सोय आजच चालू करा. बऱ्याच फोनमध्ये बाजूचं बटण लागोपाठ पाच वेळा दाबलं की ती सुरू होते. तुमच्या फोनमध्ये कशी आहे ते सेटिंगमध्ये बघा. घरातल्या एकीशी सांकेतिक वाक्य ठरवा, रोजच्या बोलण्यात खपेल पण एरवी कधी बोलणार नाही असं. आणि न बोलता मदत मागायची एक खूण: तळहात समोर, अंगठा आत दुमडायचा, त्यावर चार बोटं मिटायची. एप्रिल २०२० मध्ये कॅनेडियन विमेन्स फाउंडेशनने ती सुरू केली, कारण कोविडच्या टाळेबंदीत अनेक जणी हिंसा करणाऱ्याबरोबरच घरात अडकल्या होत्या आणि बोलता येत नव्हतं. ती खूण दिसली तर हो-नाहीत उत्तर देता येईल असा निरोप तिला पाठवा. तिला न विचारता घरी धडकू नका.

चाकू दिसला की वरचं सगळं विसरा. पर्स मागत असेल तर त्याच्या हातात देऊ नका, लांब फेका आणि उलट्या दिशेने पळा. फक्त एक गोष्ट मान्य करू नका: त्याच्याबरोबर दुसरीकडे जाणं. गाडीत बसवत असेल, आडोशाला नेत असेल, तर जिथे आहात तिथेच सगळा जोर लावा. दुसऱ्या जागी ऐकणारं कुणी नसतं.

वर्ग कसा निवडायचा

बायकांनी हे शिकणं नवं नाही. लंडनमध्ये १९०९ च्या सुमारास एडिथ गॅरुड नावाची बाई, उंची पाच फुटांच्याही आत, मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांना जुजुत्सू हा जपानी झुंजप्रकार शिकवत होती. १९१३ मध्ये त्या लढ्याची पुढारी एमेलिन पँकहर्स्ट हिच्या रक्षणासाठी बायकांची तुकडी उभी राहिली, तिला गॅरुडनेच तयार केलं. त्या बायका कपड्यांत व्यायामाचे मुदगल लपवून सभांना जात.

काय शिकवल्याने खरंच फरक पडतो, हे कॅनडात तपासलं गेलं. तीन विद्यापीठांतल्या ८९३ विद्यार्थिनींपैकी निम्म्यांना तीन-तीन तासांच्या चार बैठका दिल्या, बाकीच्यांना फक्त माहितीपत्रकं. २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले. वर्षभरात पत्रकवाल्या गटात ९.८ टक्के मुलींवर बलात्कार झाला होता, शिकलेल्या गटात ५.२ टक्के. त्या बारा तासांतला मोठा भाग ओळखीच्या माणसाचा धोका ओळखणं आणि स्वतःच्या मनातला संकोच ओलांडणं यावर होता. डाव त्यानंतर. मला माझा उलटा क्रम बरोबर वाटतो तो यामुळेही.

म्हणून वर्गात गेलात तर बघा: आवाजाचा सराव आहे का? ओळखीच्या माणसाचे प्रसंग घेतात का? अंगभर पॅड घातलेल्या माणसाला पूर्ण ताकदीने मारायला देतात का? हात लावण्याआधी शिक्षक विचारतात का, आणि तुम्ही नको म्हटलं तर थांबतात का? शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा. जिथे तुमचं 'नको' चालत नाही तिथे तुम्ही 'नको' म्हणायला कशा शिकणार? कपड्यांवर भाषण देणारा, एका दिवसात तयार करतो म्हणणारा शिक्षक असेल तर परत फिरा.

प्रसंग घडून गेलाच तर आधी सुरक्षित जागा, मग एक विश्वासाचं माणूस. अंघोळ करू नका, कपडे धुऊ नका. बदललेच तर प्लास्टिकच्या नाही, कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा खराब होतो. तक्रार करायची की नाही हे नंतर ठरवता येईल, दवाखान्यात मात्र लगेच जा. एचआयव्ही टाळणारं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, गर्भ राहू नये म्हणूनची गोळी पाच दिवसांच्या आत, आणि दोन्ही जितकी लवकर तितकी बरी.

घरचा सराव आठवड्यातून तीनदा, पंधरा मिनिटं. पाच मिनिटं वाक्यं आरशासमोर. पाच मिनिटं मनगट, घरातल्या कुणालाही धरायला सांगून, आधी हळू आणि मग खरोखर घट्ट. पाच मिनिटं उशी भिंतीला धरून तळहाताचे आणि कोपराचे घाव, प्रत्येक घावाला आवाज. घरात ओरडता येत नाही असं पुष्कळ जणी सांगतात. तर उशीत तोंड घालून ओरडा, पोटावर हात ठेवून. महिन्यातून एकदा तरी मोकळ्या मैदानात जा, सोबत मैत्रिणीला न्या, तिला शंभर पावलं लांब उभं करा आणि 'मागे व्हा!' म्हणा. तिने हात वर केला तर ऐकू गेलं. नाही केला तर पुन्हा म्हणा.